खेळाचे शिक्षण आणि गावचे मैदान

(पिंपळगाव राजा येथील जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय फळ्यावर वाचून दोघातिघांनी आम्हाला दारातच अडवले. एक काका म्हणाले, "कापूस घरात पडून राह्यला, बोंडअळीनं पऱ्हाटी खाल्ली, अन् तुम्ही आता पोट्ट्यायले कबड्डी शिकवाले निंघाले काय?" काकांचा राग खोटा नाही. भावाचा विषय उद्या सकाळच्या बैठकीत आहे, तो तिथे पुरा होईल. पण आजचा विषय आमच्या डोक्यातून निघालेला नाही. तो तुमच्याच घरातून आला आहे. कसा आला, ते आधी सांगतो.

गेल्या दिवाळीनंतर, ऐन वेचणीच्या दिवसांत, याच परिसरातल्या एका गावी आम्ही मुक्कामाला होतो. रात्री जेवणे झाली आणि घरमालक अंगणात येऊन बसले. पाच एकर कोरडवाहू. निम्म्यात कपाशी, उरलेल्यात ज्वारी आणि मधून तुरीच्या ओळी. म्हणाले, "पोरगी बी.ए.च्या शेवटल्या वर्षाले हाय. कॉलेजातून कबड्डी खेळते. आता म्हणते, बी.पी.एड. करतो. सोयरे म्हणतात, पोरीच्या जातीनं खेळणं शिकून काय भेटते? एक मास्तर म्हणतात, करू द्या, पण पुढं जागेले पैसे लागतीन. तुम्ही गावोगाव फिरता. तुम्ही सांगा, करू देऊ का नको?"

पोरगी दाराच्या आड उभी राहून ऐकत होती. खरे सांगायचे तर आम्हाला उत्तर देता आले नाही. सोयाबीनच्या पेंडीचा भाव विचारला असता तर सांगितला असता. खेळाचे शिक्षण म्हणजे काय, ते कुठे मिळते, त्यातून पोट भरते का, यातले आम्हाला काहीच धड माहीत नव्हते.

दुसरी गोष्ट त्याच गावची. दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला आम्हाला जाग आली ती पायांच्या आवाजाने. पंधरा-वीस पोरे डांबरी रस्त्यावर पळत होती. पोलीस भरतीची तयारी. मुलांना सोळाशे मीटर, मुलींना आठशे मीटर, शिवाय शंभर मीटर आणि गोळाफेक. मैदानी परीक्षेचे पन्नास गुण. त्यातल्या एका पोराला आदल्या वर्षी अंधारात एका मोटारसायकलने उडवले होते. नडगीचे हाड मोडले, भरती हुकली. आता तो पळणाऱ्यांच्या चपला राखत रस्त्याच्या कडेला बसतो. आम्ही त्याला विचारले, "बाबा, रस्त्यावर काहून पळत होता?" त्याने आमच्याकडे पाहिले आणि म्हणाला, "मंग कुठं पळू?"

या दोन प्रश्नांची उत्तरे शोधण्यात आमचा हिवाळा गेला. काही अमरावतीला जाऊन विचारले, काही जाणत्या शिक्षकांकडून समजून घेतले, काही कागद वाचले. जे कळले ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

मेहनत वेगळी, व्यायाम वेगळा

पहिला आक्षेप आपल्याच लोकांचा असतो. जो दिवसभर शेतात राबतो त्याला व्यायाम कशाला हवा? शहरातला माणूस खुर्चीत बसून फुगतो, त्याने पळावे. आपले अंग तर रोजच मोडते.

अंग मोडते हेच तर खरे! मायबहिणींनो, तुम्ही सांगा. वेचणीच्या दिवसांत कमरेला ओटी बांधून, वाकून, ओळीमागून ओळ दिवसभर वेचता. ओटी भरत जाते तसे वजन पुढे ओढते. महिनाभराने कंबर धरते ती शिमग्यापर्यंत सुटत नाही. निंदणाला उकिडवे बसून गुडघे जातात. फवारणीचा सोळा लिटरचा पंप पाठीवर घेतला की पंपासकट वीसेक किलो वजन दोन खांद्यांवर लोंबते, आणि एक हात दांडा मारतो तर दुसरा नळी फिरवतो. शरीराच्या एका भागावर सगळा ताण, दुसऱ्या भागाला कामच नाही. याने शरीर झिजते. व्यायामात सगळे सांधे पुरते हलतात, ताण थोडा थोडा वाढवत नेतात आणि मध्ये विसावा देतात. त्याने शरीर घडते.

यात नवीन काही नाही. गोऱ्हा तयार करताना आपण काय करतो? पहिल्याच दिवशी त्याला भरल्या गाडीला जुंपतो काय? आधी नुसते जू खांद्यावर ठेवतो, मग रिकामी गाडी, मग शिकलेल्या बैलाच्या जोडीने हलके औत. सवय होईतो जपतो, संध्याकाळी खांदा शेकतो. गोऱ्ह्याबाबत जी अक्कल आपल्याकडे आहे ती पोराबाबत का चालवत नाही? भरतीची जाहिरात निघाली की तो दुसऱ्या दिवशी उठून, फाटक्या बुटात, डांबरावर पाच किलोमीटर पळतो. आठ दिवसांत नडग्या दुखू लागतात. मग तो मेडिकलवरून गोळी आणून खातो आणि पुन्हा पळतो. गोळीने दुखणे झाकते आणि हाड आतून तडकत जाते. त्याला थांबवणारा, "आज पळू नको, उद्या निम्मेच पळ" असे सांगणारा माणूस गावात नाही. असा माणूस तयार करण्याचे जे शास्त्र, त्याला शारीरिक शिक्षण म्हणतात.

वऱ्हाडातली जुनी पेरणी

हे शास्त्र परदेशातून आलेले, शहरी लोकांचे, असे वाटत असेल तर तेही खरे नाही. आपल्या देशात याची जी जुनी आणि नावाजलेली केंद्रे आहेत, त्यातले एक आपल्याच वऱ्हाडात, कापसाच्या मुलखात आहे. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ. १९१४ साली अंबादासपंत आणि अनंतराव या वैद्य बंधूंनी ते सुरू केले. इंग्रजाचे राज्य होते. सरकारी अनुदानाची वाट पाहत बसले असते तर आखाड्याची माती आजवर पडली नसती. आखाड्यापासून सुरुवात झाली आणि त्यातून पुढे शिकवणारे तयार करण्याचे काम उभे राहिले. मद्रासला वाय.एम.सी.ए.चे शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय १९२० साली निघाले, ते आशियातले पहिले म्हणून ओळखले जाते. ग्वाल्हेरचे सरकारी महाविद्यालय १९५७ साली आले. अमरावतीचा आखाडा या दोघांच्याही आधीचा.

१९३६ साली बर्लिनला ऑलिंपिक भरले तेव्हा या मंडळाचे पथक तिकडे गेले आणि आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिके त्यांनी जगाला दाखवली. त्यात कबड्डी होती. ज्याला आपण हुतूतू म्हणून पोरखेळ समजत होतो, तोच खेळ.

आता इथे जरा थांबून विचार करा. हुतूतू तर गावोगाव होता. खोखो होता. लंगडी होती. मग तो बर्लिनला दाखवण्याजोगा कशाने झाला? कुणीतरी बसून त्याचे नियम बांधले. मैदान केवढे, खेळाडू किती, दम कधी सुटला म्हणायचा, गडी बाद कधी, पंचाने कुठे उभे राहायचे, हे ठरवले. पुणे, सातारा, बडोदे, अमरावती इथल्या लोकांनी हे काम केले. १९९० साली बीजिंगच्या आशियाई स्पर्धांत कबड्डी पदकाचा खेळ झाली आणि भारताने सुवर्णपदक घेतले. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खोखोचा पहिला विश्वचषक झाला. पुरुषांचा आणि महिलांचा, दोन्ही चषक भारताने जिंकले, आणि दोन्ही संघांचे कप्तान मराठी होते, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे. खेळ आपल्या मातीतला खराच, पण माती असून भागत नाही. त्यावर बसून काम करणारी, ते लिहिणारी, शिकवणारी माणसे लागतात.

शिकवतात काय?

त्या पोरीच्या बापाला वाटत होते की बी.पी.एड. म्हणजे दोन वर्षे कबड्डी खेळायची. बऱ्याच जणांना तसेच वाटते. म्हणून थोडे विस्ताराने सांगतो.

बारावीनंतर एक वाट अशी की शारीरिक शिक्षणाचीच तीन वर्षांची पदवी घ्यायची. दुसरी वाट, कुठल्याही शाखेची पदवी घ्यायची आणि मग बी.पी.एड.ला जायचे. केंद्राच्या शिक्षक शिक्षण परिषदेने २०१४ साली केलेल्या नियमांत बी.पी.एड. दोन वर्षांचे झाले, त्यापुढचे एम.पी.एड.ही दोन वर्षांचे. प्रवेशाला पदवीचे ठराविक गुण लागतात आणि खेळातल्या सहभागाचा पुरावा लागतो. आपल्या राज्यात प्रवेशासाठी सामायिक परीक्षा होते, तिच्यात लेखी परीक्षा असते आणि मैदानी चाचणीही असते. म्हणून पोरांनो, शाळा-कॉलेजात खेळलेल्या स्पर्धांची प्रमाणपत्रे जपून ठेवा. ज्वारीच्या कणगीमागे टाकलेले प्रमाणपत्र उंदराने खाल्ले की मागून रडून उपयोग नाही.

आत गेल्यावर मैदान निम्मे आणि वर्ग निम्मा. शरीराची रचना शिकवतात, कुठला स्नायू कुठे जोडलेला आणि तो काय ओढतो. शरीराचे काम शिकवतात, धाप का लागते, घाम का येतो, रक्त कुठे धावते. हालचालीचे शास्त्र असते, गोळा कोणत्या कोनात फेकला तर लांब जातो ते. दुखापत कशी ओळखायची, पहिले उपचार काय. योग असतो. आहार असतो. खेळाडूची शक्ती, चपळाई, दम मोजायचा कसा, हे असते. धावणे, उड्या, फेकी, कबड्डी, खोखो, व्हॉलीबॉल यांचे प्रत्यक्ष शिक्षण आणि पंचगिरी असते. आणि शेवटी शाळेत जाऊन पोरांना शिकवून दाखवायचे असते. चाळीस पोरांचा वर्ग, एक चेंडू, आणि कोणी रिकामे बसता कामा नये. ही परीक्षा आम्हाला सगळ्यात अवघड वाटली.

आपल्या पाच जिल्ह्यांचे, म्हणजे अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा, वाशीम यांचे विद्यापीठ १९८३ साली नागपूरपासून वेगळे झाले आणि त्याला संत गाडगेबाबांचे नाव आहे. गाडगेबाबांनी हातात खराटा घेऊन गाव झाडले. त्यांच्या नावाच्या विद्यापीठातून खेळाचे शिकून आलेल्या पोराने गावचे मैदान झाडायला लाजू नये, एवढी अपेक्षा ठेवायला हरकत नाही.

आता हिशेब

इथपर्यंत सगळे गोड झाले. आता पैशाचे बोलू.

पदवी मिळाली की दारे कोणती? एक, शाळेत शारीरिक शिक्षणाचा शिक्षक. दोन, एम.पी.एड. करून नेट किंवा सेट पास झाले तर महाविद्यालयात शारीरिक शिक्षण संचालक. तीन, पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेतून पदविका घेऊन एखाद्या खेळाचा मार्गदर्शक. ही संस्था १९६१ सालापासून मार्गदर्शक तयार करते. चार, क्रीडा खात्यातल्या जागा, स्पर्धा परीक्षेतून. पाच, शहरातल्या खाजगी शाळा आणि व्यायामशाळा, जिथे पगार मालकाच्या मर्जीवर.

आणि एक घोळ लोकांच्या मनात असतो तो काढून टाकतो. सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के जागा राखीव आहेत, त्याचा आणि बी.पी.एड.चा संबंध नाही. त्या जागा स्पर्धेत नंबर काढणाऱ्याला आहेत. कोणत्या पातळीच्या स्पर्धेत कितवा नंबर, यावर कोणत्या गटाची नोकरी ते ठरते, आणि प्रमाणपत्राची पडताळणी क्रीडा खात्याकडून करून घ्यावी लागते. विकतचे प्रमाणपत्र घेऊन फिरणारे दलाल दारात आले तर त्यांना चहासुद्धा पाजू नका. पडताळणीत पोरगा पकडला जातो, दलाल नाही.

शाळेतल्या जागांचे काय? २००९ चा शिक्षण हक्क कायदा सांगतो की शाळेला मैदान पाहिजे. सहावी ते आठवीत शंभरावर मुले असतील तर आरोग्य व शारीरिक शिक्षणासाठी निदेशक पाहिजे, पण तो अर्धवेळ. म्हणजे कायद्याने आरोग्याचा मास्तर मान्य केला, पण अर्धा. उरलेल्या अर्ध्या पोटाचे त्याने काय करावे, ते कायद्यात लिहिलेले नाही. तुमच्या गावच्या शाळेत जाऊन पाहा. वेळापत्रकात खेळाचा तास असतो. त्या तासाला गणिताचे सर गणित घेतात, आणि परीक्षा जवळ आली की आईबापही म्हणतात, बरे झाले!

जिथे पूर्ण पगाराची जागा निघते तिथे काय होते, ते आमच्याच एका कार्यकर्त्याच्या घरी घडले. पोरगा बी.पी.एड. झाला. एका संस्थेत जागा होती. संस्थेचे नाव घेत नाही, कारण नावे बदलतात आणि रीत तीच राहते. इमारत निधी म्हणून रक्कम मागितली. बापाने रस्त्यालगतचे दोन एकर विकले. पोराने सहा वर्षे बिनपगारी नोकरी केली, दर वर्षी "यंदा मंजुरी येते" असे ऐकत. मंजुरी आली नाही. पोरगा आज दुसऱ्याच्या मालवाहू गाडीवर चालक आहे. त्या दोन एकरांवर आता ढाबा आहे.

म्हणून त्या पोरीच्या बापासमोर आम्ही हिशेब मांडला, तोच इथे मांडतो. समजा, जागेसाठी कोणी वीस लाख मागितले. २०२५-२६ च्या हंगामाचा लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८११० रुपये. वीस लाखाला ८११० ने भागा. २४७ क्विंटल कापूस होतो. कोरडवाहूत एकरी पाच क्विंटल धरू. तुमच्या पाच एकरांत ज्वारी न पेरता सगळी कपाशीच लावली तर वर्षाला पंचवीस क्विंटल. म्हणजे दहा वर्षांचा सगळा कापूस, त्यातून बी, खत, फवारणी, वेचणी यांचा एक रुपयाही वजा न करता, आणि दहाही वर्षे हमीभाव पुरता मिळाला असे धरून. दहा वर्षे घरच्यांनी खायचे काय, हा प्रश्न वेगळाच.

बाप बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हंजे शिकवूच नको?"

नाही दादा. आमचे म्हणणे असे की शिकवा. शिक्षणाची फी भरा, राहण्या-खाण्याचा खर्च करा, पोरगी मेहनती आहे. पण जागा विकत घेण्यासाठी एक रुपयाही देऊ नका आणि शेत तर विकूच नका. फीचा खर्च हा बियाण्यासारखा आहे, पीक येईल न येईल, पेरावे लागते. जागेचे पैसे म्हणजे उभे पीक दुसऱ्याच्या खळ्यात नेऊन टाकणे आहे.

"अविनाश साबळेला कोणी शिकवले होते?"

मागच्या बाजूने हा प्रश्न आला, बरे झाले. बीड जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे. शाळेला गाडी नव्हती म्हणून पायी आणि पळत जाणारे पोर. सैन्यात गेला, तिथे धावू लागला. २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तीन हजार मीटर अडथळ्याच्या शर्यतीत रौप्य, २०२३ साली हांगझाऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण. सातारा जिल्ह्याच्या माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर. माण म्हणजे आपल्यापेक्षाही कोरडा मुलूख. शाळेत खोखो खेळली, मग धावू लागली. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तिने याच शर्यतीची अंतिम फेरी गाठली. पी. टी. उषानंतर ऑलिंपिकच्या धावण्याच्या अंतिम फेरीत पोहोचलेली ती पहिली भारतीय महिला. आणि आपल्या जिल्ह्याचाच घ्या. बुलडाण्याचा प्रथमेश जावकर. २०२३ साली शांघायला धनुर्विद्येच्या विश्वचषकात जगातल्या पहिल्या क्रमांकाच्या खेळाडूला त्याने अंतिम फेरीत एका गुणाने हरवले, आणि त्याच वर्षी आशियाई स्पर्धेत संघाबरोबर सुवर्णपदक आणले.

प्रश्न असा की मैदान नसताना, मास्तर नसताना साबळे झालाच ना? झाला. पण त्याला दिशा मिळाली ती सैन्यात गेल्यावर, तिथल्या मार्गदर्शकांच्या हाताखाली. धनुष्य तर कोणी शिकवल्याशिवाय हातातही धरता येत नाही. आणि दुसरे असे, की दुष्काळातही बांधावर एखादे कणीस भरलेले दिसते. त्याकडे पाहून आपण म्हणतो काय, की बघा, पाऊस नको? त्या एकामागे किती पोरांच्या नडग्या गेल्या, किती पोरींचा खेळ लग्नाच्या मांडवात संपला, त्याची मोजदाद कोणी ठेवलेली नाही. रस्त्याच्या कडेला चपला राखत बसलेले ते पोर त्यातलेच एक.

गावाने काय करायचे?

पोरगी उद्या शिकून गावात आली, आणि गावात तिला उभे राहायला जागाच नसली, तर ती शिकवणार कुठे? म्हणून पदवीच्या प्रश्नातच मैदानाचा प्रश्न आहे. आणि मैदानाला फार जागा लागते, ही समजूत चुकीची आहे. आम्ही हिशेब केला आहे.

पुरुषांच्या कबड्डीचे मैदान १३ मीटर बाय १० मीटर. म्हणजे १३० चौरस मीटर, सव्वा गुंठ्याच्या थोडे वर. महिलांचे १२ बाय ८, म्हणजे एक गुंठासुद्धा नाही. खोखोचे २७ बाय १६, सव्वाचार गुंठे. कडेने मोकळी जागा सोडली तरी दोन्ही मिळून दहा-बारा गुंठ्यांत बसतात. दोनशे मीटरचा धावण्याचा मार्ग एकरभरात होतो. भरतीच्या पोराला सोळाशे मीटरसाठी आठ फेऱ्या. गाडी येणार नाही, पायाखाली माती, पाऊल चुकले तर खरचटेल, पण हाड मोडणार नाही.

एक एकर कुठून आणायचे? तुमच्या गावच्या ई-क्लास जमिनीचे काय झाले ते आधी पाहा. गुरे कमी झाली, आखर ओस पडले, कडेकडेने बांध सरकत आले. अतिक्रमण कोणी केले ते सगळ्यांना माहीत असते, बोलत कोणी नाही, कारण त्यात आपलाही एखादा धुरा असतो. भावांनो, भाव मागताना आपण ताठ मानेने बोलतो. गावच्या जागेबाबतही तसेच बोलावे लागेल, आणि सुरुवात आपल्या धुऱ्यापासून करावी लागेल. ज्या गोरगरिबांची घरे तिथे झाली आहेत त्यांना हात लावायचा नाही, हेही आम्ही आताच सांगून ठेवतो. बोलतो आहोत ते दाबून पेरलेल्या एकरांबद्दल.

सरकारच्या योजना आहेत. क्रीडांगण विकास अनुदान आणि व्यायामशाळा विकास अनुदान अशी त्यांची नावे. मैदान समपातळीत करणे, धावण्याचा मार्ग, कुंपण अशा कामांना त्यातून पैसे मिळतात. अर्ज बुलडाण्याला जिल्हा क्रीडा अधिकाऱ्याकडे करायचा, ग्रामपंचायतीचा ठराव आणि जागेचा कागद जोडून. पण अनुदान येईल तेव्हा मैदान, असे म्हणत बसू नका. वैद्य बंधू बसले नव्हते. व्यायामाचे साहित्य येऊन कुलूपबंद खोलीत गंजत पडलेले आम्ही दोन गावांत पाहिले आहे. लोखंड आले, शिकवणारा आला नाही.

शिकवणाऱ्याच्या पोटाचे काय? आमच्या लहानपणी गावच्या तालमीतल्या वस्तादाला सुगीत घरटी दोन पायल्या ज्वारी मिळायची. कोणी उपकार म्हणून देत नसे, तो त्याचा हक्क होता. आज ज्वारी नको, पैसे धरू. तीनशे घरांच्या गावात घरटी महिना वीस रुपये काढले तर सहा हजार होतात. हा पगार नव्हे, आम्हाला कळते. यावर संसार चालत नाही. पण शाळेत अर्धवेळ काम करणाऱ्या किंवा घरची शेती सांभाळणाऱ्या पोरा-पोरीला रोज संध्याकाळचे दोन तास मैदानावर थांबण्याचे ते मोल होऊ शकते. आणि यामुळे सरकार सुटले असेही नाही. पूर्ण वेळेचा, पूर्ण पगाराचा, पैसे न घेता गुणांवर नेमलेला शिक्षक शाळेला मिळाला पाहिजे, ही मागणी आपण लावून धरणारच आहोत.

म्हणून आजच्या बैठकीपुढे तीन गोष्टी ठेवतो. पहिली, प्रत्येक गावाने येत्या ग्रामसभेत मैदानाच्या जागेचा ठराव मांडावा. दुसरी, शाळेच्या वेळापत्रकातला खेळाचा तास खेळालाच वापरला जातो का, हे पालकांनी महिन्यातून एकदा जाऊन पाहावे, आणि मुलींनाही मैदानावर उतरवतात का तेही पाहावे. तिसरी, आपल्या संघटनेत काम करणाऱ्या कोणीही नोकरीच्या जागेसाठी पैसे देणार नाही आणि घेणाऱ्याच्या व्यासपीठावर हार घालायला जाणार नाही. तिसरी सगळ्यात जड जाईल. हार घालायची सवय आपल्याला फार आहे.

आता त्या पोरीचे सांगतो, म्हणजे थांबतो. बाप तयार झाले. पोरीने परीक्षा दिली, लेखी झाली, मैदानी चाचणीही झाली. नंबर कुठे लागतो ते अजून कळायचे आहे. निकालाची वाट पाहत ती घरी बसलेली नाही. आखरावरच्या काट्या-बाभळी तिने आणि भरतीच्या पोरांनी मिळून तोडल्या, चुन्याने रेघा मारल्या, आणि रोज संध्याकाळी दहा-बारा पोरी तिथे कबड्डी खेळतात. पहिले चार दिवस पारावरची मंडळी तमाशा बघायला जमली. आता त्यांच्यातलेच एक आजोबा गुण मोजतात. पाय मोडलेल्या त्या पोराकडे शिट्टी दिली आहे, तो पंच आहे. रस्त्याच्या कडेची जागा त्याने सोडली.

बापाने परवा आम्हाला विचारले, "दोन वर्सं शिकून पोरगी गावात येईन काय?" याची हमी आम्ही देऊ शकत नाही. तिला पुण्याला चांगली नोकरी मिळाली तर तिने जावे, तिला कोणी बोल लावू नये. पण तिने परत यावे असे वाटत असेल तर तिच्यासाठी जागा मोकळी ठेवणे आपल्या हातात आहे.

उद्या भावाची बैठक आठ वाजता आहे. ज्यांना मैदानाची मोजणी कशी करायची ते पाहायचे आहे त्यांनी सातलाच यावे. शाळेच्या मागे आम्ही टेप आणि चुना घेऊन उभे राहू. येताना प्रत्येक गावाने एक तरी पोरगी आणि एक पोरगा सोबत आणावा.

एवढे सांगून आमचे बोलणे थांबवतो.